ठसका न लागणारा धूर

पहिल्या सिगारेटचा पहिला झुरका सहसा कुणालाच आवडत नाही. घसा खरवडतो, जोराचा ठसका लागतो, डोळ्यांत पाणी येतं, काहींना मळमळतं. मित्र हसतात, पाठीवर थाप मारतात, ‘होईल सवय’ म्हणतात. सवय होते ती नंतर. आधी शरीराने आपली हरकत नोंदवलेली असते. या वाटेवर पाऊल टाकलेली कितीतरी मुलं ठसक्यापाशीच मागे फिरतात. कपड्यांना, बोटांना आणि तोंडाला येणारा वास ही दुसरी आडकाठी. आई दारातच ओळखते.

गेल्या वीसेक वर्षांत या दोन्ही आडकाठ्या दूर झाल्या. त्या आपोआप गेल्या नाहीत, हुशार आणि शिकल्यासवरल्या माणसांनी विचार करून त्या काढून टाकल्या. वेदनाशामक गोळ्यांच्या बाबतीत हेच काम थोडं आधी झालं होतं. अफूच्या कुळातल्या औषधांना डॉक्टरसुद्धा बिचकत असत. ती भीती घालवण्यासाठी एका कंपनीने पाण्यासारखा पैसा ओतला. व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, आणि गोळी या वस्तू वेगळ्या, रसायनं वेगळी, शरीरावरचे परिणामही वेगळे. तरी या प्रकरणात त्या एकत्र घेतल्या आहेत, कारण पंधरा ते वीस वयाचा मुलगा किंवा मुलगी दोन्हींकडे एकाच समजुतीने वळते: ही काही ती जुनी, बदनाम वस्तू नव्हे, हिच्यात तेवढा धोका नाही.

आधी व्हेपचं यंत्र उघडून पाहू. एक छोटी लिथियम बॅटरी, धातूच्या तारेचं वेटोळं, त्यात कापसाची वात आणि वातीत मुरणारा द्रव. तोंडाने ओढलं की आतल्या संवेदकाला हवेचा दाब उतरल्याचं कळतं, तार क्षणात तापते आणि वातीतला द्रव उडतो. त्या द्रवात प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वादाची रसायनं आणि निकोटिन असतं. बाहेर पडणारा पांढरा ढग पाण्याच्या वाफेचा नसतो. तो अतिसूक्ष्म थेंबांचा फवारा असतो, आणि त्यात तारेतून सुटलेल्या निकेल, क्रोमियम, शिसं अशा धातूंचे अंश सापडले आहेत. वात कोरडी पडून तार जास्त तापली की फॉर्माल्डिहाइडही तयार होतं.

स्वादांची गोष्ट आणखी गमतीची आहे. व्हॅनिलाचा किंवा दालचिनीचा स्वाद देणारं रसायन आइस्क्रीममधून, बिस्किटातून पोटात गेलं तर निर्धोक म्हणून मान्य झालेलं असतं. विक्रेते हीच मान्यता पुढे करतात. पण तेच रसायन तापवून फुप्फुसात ओढलं तर काय होतं, याची तपासणी त्या मान्यतेत झालेलीच नसते. पोटात आम्ल आहे, पुढे यकृत बसलेलं आहे. फुप्फुसातल्या वायुकोशाची भिंत मात्र मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ, आणि तिच्या पलीकडे थेट रक्त.

आजच्या रूपातली ई-सिगारेट होन लिक या चिनी औषधतज्ज्ञाने २००३ च्या सुमारास तयार केली. तो स्वतः भरपूर सिगारेटी ओढायचा आणि त्याचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले होते. हेतू वाईट नव्हता. सिगारेटमुळे माणसं मरतात ती मुख्यतः तंबाखू जळताना निघणाऱ्या टारमुळे, कार्बन मोनॉक्साइडमुळे आणि इतर विषारी द्रव्यांमुळे. व्हेपमध्ये जळणं नाही. म्हणून दिवसाला पाकीटभर ओढणारा पन्नाशीचा माणूस सिगारेट पूर्ण सोडून व्हेपकडे वळला, तर त्याच्या शरीरात जाणारं विष घटतं. ब्रिटनची आरोग्ययंत्रणा हे उघडपणे सांगते. हे लपवून मुलांना भीती घालण्यात काही अर्थ नाही. मुलं दोन मिनिटांत फोनवर खरं काय ते शोधून काढतात आणि मग आपण पुढे जे सांगू तेही थाप म्हणून सोडून देतात. मुद्दा वेगळाच आहे. सोळा वर्षांच्या मुलाला सिगारेट सोडायची नसते. त्याने ती धरलेलीच नसते.

सुरुवातीच्या ई-सिगारेटी मुलांना फारशा भावल्या नाहीत, कारण त्यांतही ठसका होता. त्यांतलं निकोटिन मुक्त रूपात असे. ते अल्कधर्मी असल्याने प्रमाण वाढवलं की घशाला झोंबायचं. स्टॅनफर्ड विद्यापीठात डिझाइन शिकलेल्या जेम्स मॉन्सीस आणि अ‍ॅडम बोवेन या दोघांनी यावर उपाय काढला. निकोटिनमध्ये बेंझॉइक आम्ल मिसळलं की त्याचा क्षार होतो, अल्कता उतरते आणि झुरका मऊ होतो. निकोटिनच्या क्षारांवर तंबाखू कंपन्यांनी फार पूर्वी संशोधन करून ठेवलं होतं. या दोघांनी ते धूळ झटकून वापरलं. जून २०१५ मध्ये ‘जूल’ बाजारात आलं. त्याच्या द्रवात ५ टक्के निकोटिन होतं, म्हणजे एका मिलिलिटरला सुमारे ५९ मिलिग्रॅम. युरोपीय संघाने घातलेली कमाल मर्यादा २० मिलिग्रॅमची आहे. जूलच्या एका कुपीत जेमतेम ०.७ मिलिलिटर द्रव, पण कंपनीच्याच सांगण्यानुसार त्यातलं निकोटिन एका सिगारेटच्या पाकिटाएवढं. ठसका गेला आणि डोस वाढला, दोन्ही एकदम.

शिवाय ते दिसायचं पेनड्राइव्हसारखं. अमेरिकेतली मुलं वर्गात लॅपटॉपला लावून ते चार्ज करत आणि शिक्षक बाजूने निघून जात. झुरका घ्यायचा, ढग टी-शर्टच्या बाहीत सोडायचा, वास आलाच तर आंब्याचा. सरकारी पाहणीत महिन्याभरात एकदा तरी व्हेप ओढलेल्या हायस्कूलच्या विद्यार्थ्यांचं प्रमाण २०१७ मध्ये ११.७ टक्के होतं. पुढच्या वर्षी ते २०.८ वर गेलं आणि २०१९ मध्ये २७.५ वर. चार मुलांमागे एकाहून जास्त. मार्लबरोची मालक असलेल्या आल्ट्रिया कंपनीने डिसेंबर २०१८ मध्ये जूलचा ३५ टक्के हिस्सा १२.८ अब्ज डॉलरला घेतला. त्याच महिन्यात अमेरिकेच्या सर्जन जनरलनी मुलांमधल्या व्हेपिंगला साथ म्हणून जाहीर केलं. धूम्रपानाला पर्याय म्हणून आलेली वस्तू अमेरिकेतल्या सर्वात मोठ्या सिगारेट कंपनीला एवढी मोलाची का वाटावी, हे वाचकाने आपापलं ठरवावं. पुढे खटले झाले. २०२२ मध्ये तीसहून अधिक राज्यांशी जवळपास ४४ कोटी डॉलरची आणि २०२३ मध्ये आणखी सहा राज्यं व वॉशिंग्टन डीसीशी ४६ कोटी डॉलरची तडजोड जूल कंपनीला करावी लागली.

निकोटिन मेंदूतल्या काही ग्राहकांना चिकटतं, डोपामिन सुटतं, क्षणभर बरं वाटतं. मोठ्यांच्याही मेंदूत हेच होतं. फरक असा की कपाळामागचा जो भाग आवर घालतो, थांब म्हणतो, तो विशीच्या मध्यापर्यंत घडतच असतो. घडणीच्या काळात रोज निकोटिन मिळालेला मेंदू त्याला धरूनच स्वतःची मांडणी करतो. लक्ष लागणं, चित्त थाऱ्यावर असणं, चिडचिड न होणं, या साध्या गोष्टींसाठीही त्याला मग झुरका लागतो. रक्तातलं निकोटिन सुमारे दोन तासांत निम्म्यावर येतं आणि तलफ उठते.

सिगारेट निदान संपते. दहा-बारा झुरक्यांत थोटूक उरतं आणि आणखी हवी तर दुसरी पेटवावी लागते, त्यासाठी उठून बाहेर जावं लागतं. व्हेपला असा शेवट नाही. ते खिशात असतं, बाथरूममध्ये असतं, रात्री उशीखाली असतं. किती ओढलं हे ओढणाऱ्यालाही सांगता येत नाही. घरच्यांना वास येत नाही. दिसतो तो फक्त चिडका झालेला, तासाभराच्या अभ्यासात चारदा उठणारा मुलगा. दोष मोबाइलवर जातो.

२०१९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन आणि इलिनॉय राज्यांत डॉक्टरांसमोर एक कोडं आलं. धडधाकट तरुण मुलं धाप लागून, ताप आणि उलट्या घेऊन दाखल होत होती. एक्स-रेवर दोन्ही फुप्फुसं पांढरी, जंतूचा पत्ता नाही. सगळ्यांत समान धागा एकच, व्हेपिंग. फेब्रुवारी २०२० पर्यंत देशभरात २,८०७ रुग्णांची नोंद झाली आणि ६८ जण दगावले. काहींना कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवावं लागलं. शोध घेता घेता बोट गेलं ते व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेटवर. ५१ रुग्णांच्या फुप्फुसांतला द्राव तपासला तेव्हा ४८ जणांत ते सापडलं. चोरट्या बाजारात विकल्या जाणाऱ्या गांजाच्या अर्काच्या कुप्यांमध्ये तेल दाट दिसावं म्हणून ते भरलं जात होतं. गोळीतून पोटात घेतलं किंवा त्वचेला लावलं तर ज्याने काही बिघडत नाही, तेच फुप्फुसात जाऊन जीव घेत होतं.

बहुतेक रुग्णांनी गांजाचा अर्क असलेली कुपी ओढली होती, साधं निकोटिन नव्हे. हेही सांगायला हवं. पण यातून व्हेपचा एक गुण उघडा पडला. कुपीत काय आहे हे यंत्राला कळत नाही आणि ओढणाऱ्यालाही नाही. ब्रिटनमधल्या बाथ विद्यापीठाच्या संशोधकांनी इंग्लंडच्या ३८ शाळांमधून जप्त केलेली ५९६ व्हेप तपासली. दर सहातल्या एकात ‘स्पाइस’ नावाचं कृत्रिम, गांजाहून कितीतरी तीव्र रसायन निघालं. बऱ्याच मुलांची समजूत आपण निकोटिन किंवा फार तर गांजा ओढतोय अशी होती. सिंगापूरमध्ये तर व्हेपच्या कुप्यांत एटोमिडेट, म्हणजे शस्त्रक्रियेआधी भूल देण्याचं औषध, भरून विकलं जाऊ लागलं. तिथे व्हेपवर आधीपासूनच बंदी होती, तरीही १ सप्टेंबर २०२५ पासून या औषधाची गणना अमली पदार्थांत करावी लागली.

भारतात १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात, साठा, सगळ्यालाच बंदी. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास तीन वर्षं आणि पाच लाख. बंदीचा उपयोग झाला नाही असं म्हणता येणार नाही. अमेरिकेसारखी रंगीबेरंगी जाहिरातबाजी इथे उघड झाली नाही. पण कॉलेजच्या आसपासच्या काही टपऱ्यांवर ओळख पटली की काउंटरखालून वस्तू निघते, आणि इन्स्टाग्रामवरच्या खात्याला निरोप टाकला की कुरियरने घरी येते. तिच्यावर ना उत्पादकाचा धड पत्ता, ना तपासणीचा शिक्का. त्याच टपरीवर सिगारेट कायदेशीर, बिडी कायदेशीर, तंबाखूची पुडी कायदेशीर. २०१६-१७ च्या पाहणीनुसार देशात २६ कोटींहून अधिक प्रौढ माणसं तंबाखू वापरत होती. अशा देशात नव्या वस्तूला दार बंद करून जुनीला अंगणात बसवणं हे धोरण म्हणून अर्धवटच आहे, असं माझं मत.

व्हेप ओढणारा प्रत्येक जण उद्या गोळ्यांकडे वळतो, असं मी म्हणणार नाही; तसा पुरावा नाही. आधी व्हेप, मग गर्द (ब्राउन शुगर) अशी सरळ शिडी दाखवणारी व्याख्यानं शाळाशाळांत होतात, ती मुलांना पटत नाहीत आणि ते बरोबरच आहे. पण न कळणारा डोस आणि न दिसणारं रसायन हा जो धोका व्हेपच्या कुपीत आहे, तोच गोळीत आला की झुरक्याझुरक्याने होणाऱ्या नुकसानीची वाट पाहावी लागत नाही. एका रात्रीत सगळं संपतं.

अफूपासून मॉर्फिन वेगळं काढलं ते झेर्ट्युर्नर या जर्मन तरुणाने, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. १८९८ मध्ये बायर कंपनीने हेरॉइन बाजारात आणलं, आणि तेही खोकल्याचं औषध म्हणून. दर पिढीत कुणीतरी अफूचंच नवं रूप आणतं आणि सांगतं, याची सवय लागत नाही. १९९६ मध्ये ही पाळी पर्ड्यू फार्मा या अमेरिकन कंपनीची होती. तिच्या ‘ऑक्सिकॉन्टिन’ गोळीतून औषध बारा तास हळूहळू सुटतं, त्यामुळे एकदम नशा येत नाही आणि म्हणून सवयीचा धोका कमी, असा युक्तिवाद होता. मुलांनी गोळी चुरली आणि नाकाने ओढली. बारा तासांचा डोस एका क्षणात मिळाला.

डॉक्टरांना पटवण्यासाठी जो आधार सांगितला जाई, तो पाहिला तर थक्क व्हायला होतं. १९८० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये जेन पोर्टर आणि हर्शेल जिक यांचं पाच वाक्यांचं पत्र छापून आलं होतं. रुग्णालयात दाखल असताना ही औषधं मिळालेल्या ११,८८२ रुग्णांपैकी चौघांनाच व्यसन लागल्याची नोंद सापडली, एवढंच त्यात म्हटलं होतं. रुग्णालयाच्या खाटेवर, नर्सच्या हातून, मोजके दिवस मिळालेलं औषध आणि घरी महिनोन्‌महिने घेतलेल्या गोळ्या यांत काही फरक असतो, याकडे कुणी लक्ष दिलं नाही. पुढच्या काळात हे पत्र ६०८ वेळा उद्धृत झालं आणि त्यांतल्या ७२ टक्के ठिकाणी या औषधांचं व्यसन क्वचितच लागतं याचा पुरावा म्हणून. पाच वाक्यांवर एवढी मोठी इमारत उभी राहिली. २००७ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये पर्ड्यूने न्यायालयात गुन्हा कबूल केला.

त्या काळात अमेरिकेतल्या अनेक किशोरांची या गोळ्यांशी पहिली गाठ पडली ती अक्कलदाढ काढल्यावर किंवा खेळताना हाड मोडल्यावर. उरलेल्या गोळ्या घरातल्या औषधांच्या कपाटात राहिल्या. भावाने घेतल्या, मैत्रिणीला दिल्या. पुढे गोळ्यांवर निर्बंध आले, २०१० मध्ये ऑक्सिकॉन्टिन चुरता न येणाऱ्या रूपात आलं आणि सवय लागलेली माणसं हेरॉइनकडे वळली. त्यानंतर आलं फेंटानिल.

फेंटानिल हे बेल्जियमच्या पॉल यान्सेन यांनी १९६० च्या आसपास बनवलेलं उत्तम औषध आहे. शस्त्रक्रियेत ते आजही लागतं. ते मॉर्फिनच्या सुमारे शंभरपट तीव्र. सवय नसलेल्या माणसाचा जीव घ्यायला दोन मिलिग्रॅम पुरू शकतात, म्हणजे जेवणाच्या मिठाचे दहा-पंधरा कण. चोरट्या कारखान्यात हे पांढऱ्या भुकटीत मिसळून, साच्यात दाबून, हुबेहूब खऱ्या वेदनाशामक गोळीसारखी गोळी पाडली जाते. तोच निळा रंग, तोच ठसा. मिश्रण सारखं होत नाही, त्यामुळे एकाच घाण्यातल्या एका गोळीत काहीच नसतं आणि दुसरीत मरण असतं. अमेरिकेच्या अमली पदार्थ विभागाने २०२३ मध्ये जप्त केलेल्या बनावट गोळ्यांपैकी दहांतल्या सातांमध्ये जीवघेणा डोस निघाला.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो, आणि तो उलटा दिसतो. त्या वर्षांत अमेरिकेतल्या शाळकरी मुलांमध्ये अमली पदार्थांचा वापर वाढत नव्हता, उलट घटत होता. तरी १४ ते १८ वयोगटात अतिमात्रेने झालेले मृत्यू २०१९ मधल्या ४९२ वरून २०२० मध्ये ९५४ वर गेले. २०२२ मध्ये दर आठवड्याला सरासरी २२ मुलं मरत होती, जवळजवळ एक वर्ग. यांतली सगळी काही व्यसनी नव्हती. परीक्षेचा ताण, झोप येत नाही, पाठ दुखते, म्हणून कुणी स्नॅपचॅटवर ओळख झालेल्याकडून एक गोळी मागवली होती.

या मृत्यूंच्या तपासात एक नोंद वारंवार येते. २०१९ ते २०२१ मधल्या किशोरांच्या मृत्यूंची जी पाहणी झाली, तीत दोन तृतीयांश प्रसंगी जवळपास कुणी ना कुणी होतं. पलीकडच्या खोलीत आईवडील, शेजारच्या पलंगावर मित्र. बहुतेकांनी काही केलं नाही, कारण काही चाललंय हेच त्यांना कळलं नाही. अफूच्या कुळातली औषधं मेंदूच्या देठातल्या श्वासाच्या केंद्राला गप्प करतात. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचला की एरवी आपण धडपडून श्वास घेतो. इथे ती धडपडच होत नाही. म्हणून हा मृत्यू झोपेसारखा दिसतो. श्वास मिनिटाला चार-पाचवर येतो, घशातून घोरल्यासारखा किंवा गुरगुरल्यासारखा आवाज येतो, ओठ आणि नखं निळी किंवा राखाडी पडतात, बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या होतात. घरचे म्हणतात, दमलाय, घोरतोय, झोपू दे.

अशा वेळी झोपू द्यायचं नसतं. मोठ्याने हाक मारावी, छातीच्या मधल्या हाडावर मुठीने जोरात चोळावं. प्रतिसाद नसेल तर १०८ ला फोन करावा, तोंडाने श्वास देता येत असल्यास तो द्यावा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवावं, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जात नाही. नॅलोक्झोन नावाचं औषध काही मिनिटांत हा परिणाम उलटवतं. अमेरिकेत त्याचा नाकात मारायचा फवारा २०२३ पासून चिठ्ठीविना दुकानात मिळतो. औषधाच्या अतिमात्रेने होणारे तिथले एकूण मृत्यू २०२३ मधल्या सुमारे १ लाख ५ हजारांवरून २०२४ मध्ये ८० हजारांच्या आसपास उतरले. त्याचं थोडं श्रेय जाणकार या फवाऱ्याला देतात. आपल्याकडे नॅलोक्झोन आहे, पण ते मुख्यतः रुग्णालयात, इंजेक्शनच्या रूपात. शिवाय त्याचा परिणाम तासाभरात ओसरू शकतो, म्हणून शुद्धीवर आलेल्यालाही रुग्णालयात न्यावंच लागतं.

फेंटानिलची लाट भारतात आलेली नाही. म्हणून आपण सुटलो असं मात्र नाही. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात २ कोटी २६ लाख लोक अफूच्या कुळातले पदार्थ वापरत होते. सुमारे ६० लाखांना मदतीची गरज होती, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक ज्या मोजक्या राज्यांत होते, त्यांत महाराष्ट्राचं नाव आहे. बातम्यांत एमडीचे (मेफेड्रोनचे) छापे येतात. खोकल्याच्या बाटल्या आणि वेदनाशामक गोळ्या गाजावाजा न करता खपतात. कोडीन असलेलं सिरप आणि ट्रॅमाडॉल यांना डॉक्टरची चिठ्ठी लागते, दुकानदाराने त्यांची वेगळी नोंद तीन वर्षं ठेवायची असते. एप्रिल २०१८ मध्ये ट्रॅमाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. नियम चांगले आहेत. पण ‘मेडिकल’मध्ये जाऊन नुसतं नाव सांगितलं की औषध मिळतं, हा अनुभव महाराष्ट्रात कुणाला नवा आहे?

आणखी एक लाजिरवाणी गोष्ट. फेब्रुवारी २०२५ मध्ये बीबीसीने उघड केलं की मुंबईतली एक औषध कंपनी टॅपेन्टाडॉल ही अफूच्या कुळातली वेदनाशामक आणि कॅरिसोप्रोडॉल हे स्नायू सैल करणारं, सवय लावणारं औषध एकाच गोळीत घालून पश्चिम आफ्रिकेत पाठवत होती. घाना, नायजेरिया, आयव्हरी कोस्ट इथली तरुण मुलं त्या गोळ्यांच्या आहारी गेली होती. त्यानंतर सरकारने या मिश्रणाच्या उत्पादनाची आणि निर्यातीची परवानगी काढून घेतली. अमेरिकेतल्या कंपन्यांवर बोट रोखताना आपल्या दारातला हा कारखाना विसरता येत नाही.

महाराष्ट्राने हे संकट एकदा जवळून पाहिलं आहे. ऐंशीच्या दशकात गर्दने मुंबई-पुण्यातली पोरं ओढून नेली, तेव्हा अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं, आणि पु. ल. व सुनीताबाई देशपांड्यांच्या मदतीने १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. डॉ. अनिता अवचटांनी तिथे रुग्णाला गुन्हेगार न मानता उपचार करण्याची रीत घालून दिली. गर्द घेणारे ज्याला ‘टर्की’ म्हणतात, ती अवस्था तिथे रोज दिसे: नाक वाहतं, जांभया थांबत नाहीत, अंगावर काटा येतो, हाडं ठणकतात, पोट बिघडतं. टर्की सहसा जीव घेत नाही, पण माणूस ती टाळण्यासाठी काहीही करतो. पैसे चोरतो, आईवर हात उगारतो. धोक्याचा काळ त्यानंतरचा असतो. पंधरा दिवस, महिनाभर सुटलेल्या माणसाची सहनशक्ती उतरलेली असते. त्याने पुन्हा पूर्वीएवढाच डोस घेतला तर तो त्याला पेलत नाही. नुकतंच व्यसन सोडलेल्या मुलाच्या घरच्यांना ही गोष्ट कुणीतरी स्पष्ट सांगायला हवी, आणि बऱ्याचदा ती सांगितली जात नाही.

उलट बाजूही आहे. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णाला मॉर्फिन मिळणं हा त्याचा हक्क आहे. आपल्याकडे अमली पदार्थांच्या कायद्याच्या धाकाने ते वर्षानुवर्षं मिळत नव्हतं. त्या कायद्यातल्या २०१४ च्या दुरुस्तीने वाट थोडी मोकळी केली. घरातल्या आजोबांना डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिलं तर घाबरून ते बंद करू नका. मात्र गोळ्या मोजून, कुलपात ठेवा आणि उरलेल्या घरात साठवू नका.

आपल्या मुलाच्या खिशात व्हेप सापडलं किंवा गादीखाली सिरपची रिकामी बाटली, तर पहिल्या दिवशी आरडाओरडा करू नये. काय घेतलंस, कुणाकडून, किती दिवस, आणि ते घेतल्यावर काय बरं वाटतं, हे शांतपणे विचारावं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सर्वात महत्त्वाचं. बहुतेक वेळा त्याच्या मुळाशी झोप, भीती, एकटेपणा किंवा नैराश्य निघतं आणि त्यावर उपचार असतो. पोलिसांच्या भीतीने अनेक घरं गप्प बसतात. अमली पदार्थांच्या कायद्यातलं कलम ६४ अ अशांसाठीच आहे. अल्प प्रमाणात पदार्थ बाळगल्याचा किंवा घेतल्याचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल आणि ते पूर्ण करत असेल, तर त्याच्यावर खटला चालवला जात नाही. व्यसनमुक्तीसाठी सरकारचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक १४४४६ आहे, तंबाखू आणि निकोटिन सोडण्यासाठी १८००-११-२३५६ आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६. हे तिन्ही क्रमांक आजच फोनमध्ये साठवा, आणि मुलाच्या फोनमध्येही.